जे गोळीच्या हाती नाही

(बुलढाणा इथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



पार्किन्सन्सचा आजार, त्यावर चीनमधला संथ व्यायाम, आणि हे सांगायचं कुठे, तर बुलढाण्यात! निमंत्रणपत्रिका पाहून काहींना हसू आलं असेल. आपल्याकडे पाण्याचे प्रश्न आहेत, सोयाबीनच्या भावाचे आहेत, त्यात हे काय मध्येच? पण ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना हसू आलं नसणार. भरदुपारी न्हाणीघरातून काही पडल्याचा आवाज आला की काळजाचं काय होतं, ते त्यांना ठाऊक आहे.

मी फिजिओथेरपी करणारा माणूस. लोकांना उठवणं, उभं करणं आणि चालवणं हा माझा धंदा. त्या धंद्यातून जे कळलं, त्यातल्या तीन गोष्टी आज सांगणार आहे. हा आजार माणसाकडून नेमकं काय हिरावून नेतो, ही पहिली. त्या संथ चिनी व्यायामात असं काय आहे, ही दुसरी. आणि आपल्या जिल्ह्यात यातलं काय करता येईल, ही तिसरी. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. या व्यायामानं पार्किन्सन्स बरा होत नाही आणि गोळ्याही सुटत नाहीत. कुणी तसं सांगत असेल तर त्याला लांबून नमस्कार करा.

आता पहिली गोष्ट.

1817 साली लंडनच्या हॉक्स्टन भागात डॉक्टरी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात सहा माणसांचं वर्णन आहे. हे सहाही जण त्यांचे रुग्ण नव्हते बरं का. काही त्यांना रस्त्यात भेटले होते आणि एकाला तर त्यांनी लांबूनच पाहिलं होतं. नुसत्या चालीवरून आजार हेरणारा हा डॉक्टर. त्यांचा जन्म 11 एप्रिलचा, म्हणून तो दिवस जगभर पार्किन्सन्स दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे त्याच तारखेला महात्मा फुले यांची जयंती असते. पार्किन्सनही गरिबांच्या बाजूनं सरकारविरुद्ध टोपणनावानं पत्रकं लिहायचे आणि त्यापायी त्यांची चौकशीसुद्धा झाली होती. तेव्हा एकाच दिवशी दोघांची आठवण काढायला काहीच हरकत नाही.

तर चाल. पार्किन्सन्स म्हटलं की लोकांना आठवतो तो थरथरणारा हात. पण हात न थरथरणारेही पुष्कळ रुग्ण असतात. कुणाची सुरुवात वास न येण्यानं होते, कुणाची बद्धकोष्ठतेनं. कुणी रात्री झोपेत हातपाय झाडतो, ओरडतो, आणि थरथर त्यानंतर कित्येक वर्षांनी येते. चालताना एक हात हलायचा बंद होतो. चेहऱ्यावरचे भाव आटतात आणि घरच्यांना वाटतं, बाबा रुसलेत. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक येतात. त्यांचा आजार पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला असेल? बँकेतल्या कारकुनाच्या. पेन्शनच्या कागदावरची सही जुन्या सहीशी जुळेना. अक्षर ओळीगणिक बारीक होत शेवटी मुंगीएवढं झालेलं. ज्यांचा फळ्यावरचा सुविचार वाचायला गावातले लोक थांबायचे, त्या माणसाची ही गोष्ट.

हे का होतं? मेंदूच्या खोल भागात काळसर पेशींचा एक पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि हालचाल सुरळीत, आपोआप होण्यासाठी ते लागतं. पार्किन्सन्समध्ये या पेशी एकेक करून मरत जातात. बाहेर लक्षणं दिसू लागतात तोवर आत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

मघाशी मी ‘आपोआप’ म्हणालो. आजच्या व्याख्यानाचा सगळा भार त्यावर आहे. तुम्ही आज या सभागृहात चालत आलात. कोणता पाय आधी टाकला, आठवतं का कुणाला? नाही आठवत, आणि आठवायची गरजही नाही. जुन्या काळी बाजार करून परतताना गाडीवान गाडीत डुलकी काढायचा आणि बैल अंधारातसुद्धा बरोबर घरी आणून सोडायचे. आपल्या मेंदूत असेच वाट ठाऊक असलेले बैल आहेत. पार्किन्सन्समध्ये वाट विसरतात ते बैल. गाडीवान शाबूत असतो. पण आता त्याला डुलकी काढून चालत नाही. कासरा हातात धरून प्रत्येक वळण त्यालाच घ्यावं लागतं.

हे एकदा ध्यानात आलं की घरातल्या कितीतरी कोड्यांचा उलगडा होतो. म्हातारा माणूस जिना भराभर चढतो आणि वर पोचल्यावर सपाट फरशीवर त्याचे पाय खिळतात. असं का? जिन्याची प्रत्येक पायरी डोळ्यांना दिसते, पाय कुठं टाकायचा ते ती सांगते. सपाट फरशी काहीच सांगत नाही. तसाच दरवाजा. अंगणातून ओसरीपर्यंत चालत आलेला माणूस उंबरठ्याशी थिजतो. “पाय जमिनीले चिकटल्यावानी होते,” असं आपल्याकडची माणसं सांगतात, आणि वैद्यकाच्या पुस्तकातही याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही. घरच्यांना मात्र वाटतं ढोंग आहे. आत्ता तर जिना चढले, मग दारातच काय झालं? मंडळी, ते ढोंग नाही. तो आजारच तसा आहे.

आता गोळीबद्दल. 1960 च्या दशकात लेव्होडोपा हे औषध आलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालू लागली. आजही त्याच्या तोडीचं दुसरं औषध नाही. ताठरपणा, मंदपणा आणि पुष्कळांची थरथर या गोळीनं कमी होते. पण एक गोष्ट तिच्या हाती फारशी नाही, आणि ती म्हणजे तोल. आजार जुना होत जातो तसा तोल ढासळतो आणि गोळी वाढवूनही तो म्हणावा तसा सावरत नाही. वळताना माणूस पडतो. मागून कुणी हाक मारली म्हणून वळतो आणि पडतो. खुर्चीत बसताना पडतो. मग खुब्याचं हाड, मग ऑपरेशन, मग अंथरूण. जे गोळीच्या हाती नाही ते कुणाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न. तिथूनच मी दुसऱ्या गोष्टीकडे येतो.

चीनच्या हनान प्रांतात वेन नावाचा तालुका आहे आणि त्यात चेन घराण्याचं एक गाव. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी तिथं एक युद्धकला आकाराला आली, ती ताई ची. होय, युद्धकला. मारामारीची. आज ती पाहिली तर कुणाचा विश्वास बसणार नाही, इतकी संथ दिसते. पुढं तिच्या निरनिराळ्या घराण्यांच्या परंपरा झाल्या. 1956 साली चीन सरकारनं सर्वसामान्यांसाठी 24 हालचालींचा एक सोपा क्रम ठरवून दिला आणि बागाबागांतून लोक तो करू लागले. 2020 साली युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत ताई चीचा समावेश केला. तिच्याच नात्यातला दुसरा प्रकार म्हणजे चीगाँग. त्यातला ‘बादुआनजिन’ हा आठ हालचालींचा क्रम कित्येक शतकं जुना आहे. तो बहुतेक एका जागी उभं राहून करतात आणि ज्याला उभं राहता येत नाही त्याला खुर्चीत बसूनही करता येतो.

चिनी परंपरेत म्हणतात की या हालचालींनी शरीरात ‘ची’ नावाची ऊर्जा वाहती होते. ती ऊर्जा मोजायचं साधन माझ्याकडे नाही. पण माणूस न पडता किती झुकू शकतो, हे मला मोजता येतं. म्हणून मी तेवढ्यापुरतंच बोलतो.

या हालचालीत होतं काय? पाय खांद्यांइतके फाकवून उभं राहायचं, गुडघे किंचित सैल सोडायचे. मग अंगाचा सगळा भार सावकाश उजव्या पायावर न्यायचा. सावकाश म्हणजे किती? डाव्या पायाखाली कागद असेल तर तो अलगद ओढून काढता यावा, इतका तो पाय रिकामा होईस्तोवर. मग त्या रिकाम्या पायाची टाच पुढं टेकायची, त्यानंतर तळवा, आणि भार तितक्याच सावकाश त्याच्यावर आणायचा. हे चालू असताना कमरेपासून धड वळतं, हात छातीसमोरून ढगासारखे सरकतात आणि नजर हाताच्या मागं जाते.

बसल्या जागी करून पाहा. दोन्ही पाय जमिनीवर टेका. आता भार उजव्या बैठकीवर न्या, डावी बैठक हलकी होईपर्यंत. हळू. शेजाऱ्याच्या अंगावर रेलायचं नाही, त्यानंही वर्गणी भरलेली आहे. आता परत मध्ये या. थांबा. आता डावीकडे. जाणवलं का? आयुष्यभर आपण हे लक्षावधी वेळा केलं असेल, पण जाणवलं नव्हतं.

बस, एवढंच आहे ते. भार कुठं आहे हे कळणं, तो एका पायावरून दुसऱ्यावर जाणूनबुजून नेणं आणि धड वळवताना पाय जमिनीवर ठाम ठेवणं. पार्किन्सन्सचा माणूस नेमका इथेच पडतो, भार बदलताना आणि वळताना. बैल वाट विसरले असतील तर गाडीवानाला कासरा धरायला शिकवणं आलं, आणि या व्यायामात दुसरं काही शिकवतच नाहीत. त्याचा संथपणाही त्यासाठीच आहे. भराभर केलं की माणूस जुन्या सवयीवर विसंबतो, आणि तीच तर आता दगा देते. हळू करताना लक्ष द्यावंच लागतं. हळू करणं सोपं असतं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं घरी जाऊन खुर्चीवरून उठायला मनात दहा आकडे मोजावेत. मांड्या काय म्हणतात ते कळेल.

पण हे झालं माझं म्हणणं. पुरावा काय? 2012 साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या संशोधकांचा एक अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. 195 रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन सारख्या गटांत वाटलेले. एका गटाला ताई ची, दुसऱ्याला वजनं बांधून ताकदीचे व्यायाम आणि तिसऱ्याला अंग ताणण्याचे व्यायाम. आठवड्यातून दोनदा, दर वेळी एक तास, असे 24 आठवडे. शेवटी तोलाच्या मुख्य मोजमापांत ताई चीचा गट दोन्ही गटांच्या पुढं निघाला. त्यांचं पडण्याचं प्रमाण अंग ताणणाऱ्यांच्या सुमारे एक तृतीयांश होतं. व्यायामवर्ग संपल्यावर तीन महिन्यांनीही हा फायदा टिकून होता.

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पडण्याच्या बाबतीत ताई ची ताकदीच्या व्यायामापेक्षा सरस आहे, असं त्या अभ्यासात ठामपणे सिद्ध झालं नाही. म्हणजे मांड्यांची ताकद वाढवणं हेही कामाचंच. 2023 साली शांघायच्या रुग्णालयातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीनशेहून अधिक रुग्ण, काही वर्षांची पाहणी. ताई ची करणाऱ्यांचा आजार सावकाश वाढला आणि त्यांच्या औषधांचा डोसही कमी प्रमाणात वाढवावा लागला, असं त्यात दिसलं. पण तिथं चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. ज्यांना उमेद होती त्यांनी व्यायाम धरला, असंही असू शकतं. म्हणून मी तो अभ्यास आशा म्हणून सांगतो, हमी म्हणून सांगत नाही.

इथे कुणीतरी विचारणार, आणि विचारायलाच पाहिजे, की आपला योग असताना चिनी व्यायाम कशाला? तर ऐका. 2019 साली पार्किन्सन्सच्या 138 रुग्णांना घेऊन योगाचा एक चांगला अभ्यास झाला. एका गटाला योग आणि ध्यान, दुसऱ्याला ताणाचे आणि ताकदीचे व्यायाम. हालचालींच्या बाबतीत दोन्ही गटांना सारखाच फायदा झाला, पण मनाची चिंता आणि उदासी कमी करण्यात योग पुढं होता. आणि हा अभ्यास झाला कुठे? हाँगकाँगमध्ये! चिन्यांनी आपला योग तपासून पाहिला, अमेरिकेनं चिन्यांची ताई ची तपासली. आपण मात्र कुणाचं श्रेष्ठ, यावर वाद घालत बसलो आहोत. योग जरूर करा. पण ज्याचा तोल गेला आहे त्यानं डोकं खाली जाणारी आसनं आणि भराभर घातलेले सूर्यनमस्कार जपून करावेत. या आजारात उठताना रक्तदाब एकदम उतरतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते.

आता तिसरी गोष्ट. आपल्या जिल्ह्याची.

तेरा तालुक्यांचा, 25 लाखांवर वस्तीचा आपला जिल्हा. मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं तर आपली माणसं अकोल्याची किंवा संभाजीनगरची गाडी धरतात. तिथून चिठ्ठी घेऊन परत येतात. चिठ्ठीवर गोळ्या असतात आणि खाली एक ओळ, ‘व्यायाम करा’. कोणता, कुठे, कुणाबरोबर? त्या ओळीत ते लिहिलेलं नसतं. बायकांच्या वाट्याला तर तेवढंही येत नाही. पुरुषाचा हात थरथरला की गाडी काढतात, आणि बाईचा थरथरला की ‘वय झालं तिचं’ म्हणतात. ती भाकरी थापताना एक हात मागं पडतो, हे तिला कळत असतं, पण सांगायचं कुणाला? (एक गोष्ट जाता जाता सांगतो. शेतावरच्या फवारणीची काही औषधं आणि हा आजार यांच्या संबंधावर जगभर अभ्यास झाले आहेत. पॅराक्वाट या तणनाशकाचं नाव त्यांत वारंवार येतं. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, पण कपाशीच्या मुलखात राहून त्याचा उल्लेखही न करणं बरं नव्हे.)

मग करायचं काय? पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे घरचे लोक यांनी चालवलेलं. ते सभा घेतात, सहली काढतात, एकमेकांच्या घरी जातात. मुंबईच्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीनं ठिकठिकाणी रुग्णांचे गट उभे केले. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी चक्क नृत्याचे वर्ग घेतले. नाच, ताई ची किंवा योग, यांत समान काय आहे? ठरलेली वेळ, शिकवणारं माणूस आणि बरोबर असलेली चार माणसं. या आजारात माणूस घरात कोंडून घेतो. हात थरथरतो म्हणून लग्नात जेवायला जात नाही, बोलणं पुटपुटल्यासारखं येतं म्हणून फोन घेत नाही. एकट्यानं करायचा व्यायाम तिसऱ्या दिवशी बंद पडतो. पण सगळ्यांचेच हात थरथरणाऱ्या खोलीत आपल्या हाताची लाज कुणाला वाटणार?

आपल्याकडे तर आणखी एक जमेची बाजू आहे. आपल्याकडे पावली आहे. टाळाच्या ठेक्यावर एक पाऊल पुढं, एक मागं, भार या पायावर, भार त्या पायावर. खिळलेला पाय ठेक्यानं सुटतो, हे पार्किन्सन्सच्या उपचारांत सर्वांना ठाऊक आहे. म्हणून आम्ही रुग्णांना मोठ्यानं आकडे मोजत चालायला सांगतो, फरशीवर आडव्या पट्ट्या चिकटवायला सांगतो. शेगावच्या पालखीमागं चाललेल्या माणसाला ठेका शिकवायला चीनमधून कुणाला आणावं लागणार नाही. भार नेण्याची रीत ताई चीकडून घ्या आणि ठेका आपला ठेवा. मात्र गिरक्या आणि फुगडी नको.

काही पथ्यं आहेत, ती नीट ऐका. व्यायाम गोळीचा असर असतानाच करायचा. बहुतेकांना गोळी घेतल्यावर पाऊण-एक तासानं तो मिळतो. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी, कारण डाळी, दूध, अंडी यांतली प्रथिनं तिच्या आड येतात. समोर जड, न सरकणारी खुर्ची हवी. प्लॅस्टिकची नको. मागं भिंत हवी. पायात घट्ट बसणारे बूट हवेत, सपाता नकोत. ज्याचा तोल फार गेला आहे त्याच्याजवळ घरचं माणूस उभं हवं, किंवा त्यानं बसूनच करावं. गुडघे दुखत असतील तर कमी वाकायचं. वळताना एका टाचेवर गर्रकन फिरायचं नाही. लहान लहान पावलं टाकत, अर्धगोल करून वळायचं. आणि पाय खिळले तर कुणीही हाताला धरून ओढायचं नाही. थांबू द्यायचं, एका पायावरून दुसऱ्यावर डोलू द्यायचं, आणि मग “एक, दोन, तीन, चला.” मघाशी आपण खुर्चीत बसून केलं ना, ते उंबरठ्यावर असं कामी येतं.

समारोप करतो. हा आजार हालचालीतला आपोआपपणा नेतो. गोळी बरंच काही परत देते, पण तोल फारसा देत नाही. तो लक्षपूर्वक, संथपणे, रोज थोडा थोडा कमवावा लागतो. ताई ची ही तो कमवायची एक तपासून पाहिलेली रीत आहे. एकमेव नव्हे, जादूची तर नव्हेच.

आणि शेवटी हिशेब मांडून पाहा. ओरेगॉनमध्ये काय लागलं? एक मोठी खोली, एक शिकवणारा, आठवड्यातले दोन तास आणि चिकाटी. यंत्र लागलं नाही, इंजेक्शन लागलं नाही. यातलं बुलढाण्यात काय नाही? खोली तर हीच आहे, सकाळी ती रिकामी असते. शिकवणाऱ्यांचं म्हणाल तर जिल्ह्यातले फिजिओथेरपिस्ट आणि योगशिक्षक या मोजक्या हालचाली शिकून घेऊ शकतात, आणि मी स्वतः त्यासाठी यायला तयार आहे. अध्यक्ष महाराजांना विचारूनच सांगतो, दाराशी एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी नाव, गाव आणि गोळी घ्यायची वेळ लिहून जावं. गोळीची वेळ अशासाठी, की वर्ग किती वाजता घ्यायचा हे त्यावरून ठरेल. पुरुषांची नावं येतीलच. घरातल्या बाईचं नाव लिहायला विसरू नका.